पोटखराबा

दादाचा फोन आला तेव्हा मी टाकीत काठी घालून पाणी मोजत होते. बांबूच्या त्या काठीवर घरमालकिणीने, म्हणजे आमच्या इबूंनी, चाकूने खाचा पाडल्या आहेत. सगळ्यात वरच्या खाचेपर्यंत काठी भिजली तर दोन घरांना तीन आठवडे पाणी पुरतं. ऑगस्ट संपत आला होता. काठी खालून दुसऱ्या खाचेपर्यंतच ओली झाली.

दादा म्हणाला, "सड्यावरच्या जमिनीला गिऱ्हाईक आलंय. भाव बरा देतोय. तुझी सही लागेल." पाठोपाठ मोबाइलवर सातबाऱ्याचा फोटो आला. बाबा गेल्यावर आईचं, दादाचं आणि माझं नाव लागलं, तोच उतारा. लागवडीखालचं क्षेत्र काही गुंठे. बाकी सगळं पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. "नाहीतरी कातळच आहे," दादा म्हणाला. "तिथे काय पिकतंय?"

दादाची ही समजूत एकट्याची नाही. आमच्या राजापूर तालुक्यात, सगळ्या कोकणात, सड्याबद्दल, म्हणजे वरच्या सपाट कातळाबद्दल, असंच बोलतात. मीही इथे येईपर्यंत तसंच बोलत होते.

मी राहते ते गाव इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यापासून सात-आठ किलोमीटर आत आहे. जिल्हा गुनुंगकिदुल, म्हणजे दक्षिणेचे डोंगर. प्रांत योग्यकर्ता. या डोंगराळ पट्ट्याला 'गुनुंग सेवु' म्हणतात, हजार डोंगर. प्रत्यक्षात हजारांच्या कितीतरी पट आहेत. चुनखडीच्या उलट्या वाट्या एकीला एक लागून ठेवाव्यात तशा टेकड्या, आणि त्यांच्या मधल्या खोलगटात लाल मातीची शेतं. गाव त्या खोलगटातच बसतं. जिल्ह्याचं ठिकाण वोनोसारी, तिथून समुद्राकडे निघालं की रस्ता टेकड्यांना वळसे घालत उतरतो आणि वाटेत एकही नदी लागत नाही. कोकणातल्या माणसाला हे फार चुकल्यासारखं वाटतं. दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा मुलूख, आणि पूल नाही, साकव नाही, व्हाळ नाही.

नद्या आहेत, पण त्या जमिनीखाली. पावसाचं पाणी चुनखडी विरघळवतं, भेगा रुंदावतात, त्यांच्या विहिरी होतात. त्यांना 'लुवेंग' म्हणतात. पाणी लुवेंगमधून खाली जातं, अंधारातून कित्येक किलोमीटर वाहतं आणि बारोनच्या किनाऱ्यावर खडकाच्या पायथ्याशी एकदम बाहेर पडून समुद्राला मिळतं. मी पहिल्यांदा बारोनला गेले तेव्हा पोरं त्या गोड्या पाण्यात डुंबत होती, आणि पन्नास पावलांवर लाटा फुटत होत्या. आमच्या डोक्यावर पडलेला पाऊस आमच्या पायांखालून निघून तिथे पोचला होता, आणि आम्ही टँकर मागवत होतो.

टँकर इथेही आहेत. सरकारी टँकरला इथे 'ड्रॉपिंग' म्हणतात. तो येईपर्यंत खाजगी घ्यायचा. पाच हजार लिटरला दीड-दोन लाख रुपिया, म्हणजे आपले आठशे ते हजार रुपये. गेल्या वर्षी शेजारच्या घराने दोन खेपांसाठी बोकड विकला. परदेशातून लिहिणारा माणूस तिकडचं सगळं सोन्याचं सांगतो असा वाचकांचा अनुभव असेल, म्हणून हे आधीच सांगितलं. या गावाने पाण्याचा प्रश्न सोडवलेला नाही. मला सांगायचंय ते वेगळं आहे. पायाखाली काय आहे हे इथल्या माणसाला माहीत आहे, आणि त्यामुळे तो त्या जमिनीला रिकामी म्हणत नाही.

हे पूर्वीपासून असं नव्हतं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इथे मोठी उपासमार झाली. टेकड्या तोडून तोडून उघड्या पडल्या होत्या, माती वाहून गेली होती. इबूंच्या सासूबाई, ज्यांना सगळं गाव 'म्बाह' म्हणतं, त्या काळात लहान होत्या. त्या त्याबद्दल फार बोलत नाहीत. एकदाच म्हणाल्या, की तेव्हा डोंगर पांढरे दिसायचे. आज तेच डोंगर सागाने भरलेले आहेत, आणि हा साग बहुतेक लोकांच्या स्वतःच्या जमिनीत आहे. दगडांचे बांध घालून माती अडवली, खाचरं पाडली, बांधावर आणि उतारावर साग लावला. योग्यकर्त्याच्या गाजा मादा विद्यापीठाने याच जिल्ह्यात उजाड जमिनीवर 'वानागामा' नावाचं जंगल उभं केलं, त्याचाही हातभार लागला. पण मुख्य काम घराघराने केलं. साग ही इथे बँक आहे. मुलीचं लग्न, मुलाचं कॉलेज, दवाखाना, अशी गरज आली की एक-दोन झाडं तोडायची. याला 'तेबांग बुतुह' म्हणतात, गरजेपुरती तोड. जंगल विकून टाकत नाहीत, त्यातून काढून घेतात.

खाण्यातही तो काळ शिल्लक आहे. कसावाचे कंद सोलून उन्हात वाळवले की गाप्लेक होतो. तो कांडून, पीठ वाफवून केलेला तिवुल म्हणजे गरिबाचा भात. पावसादवात राहून काळा पडलेला गाप्लेक शिजवला की गातोत, रबरासारखा चिवट आणि खोबऱ्याबरोबर फार चांगला लागणारा. एकेकाळी तिवुल खाणाऱ्याला शहरात लाज वाटायची. आता वोनोसारीच्या रस्त्यावर गाड्या थांबवून लोक तो पाकिटात घेऊन जातात, शेजारीच तळलेले टोळ टांगलेले असतात. आपल्याकडे नाचणीचं जे झालं तेच. आमच्या आजीच्या पिढीने नाचणीची भाकरी पाहुण्यांपासून लपवली, आणि आज तीच शहरातल्या दुकानात गव्हापेक्षा महाग मिळते.

आता तळ्यांचं सांगते, कारण आपल्या राज्यातल्या वादाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

टेकड्यांमधल्या काही खोलगटांत पाणी साठून राहतं. त्याला 'तेलागा' म्हणतात. हा शब्द आणि आपला 'तडाग' एकच आहेत. चुनखडीच्या चाळणीवर पाणी टिकतं कसं? लाल चिकणमातीचा थर शतकानुशतकं तळाशी बसत गेला आणि त्याने भोकं बुजवली, म्हणून. गुरं, कपडे, आंघोळ, सगळं या तळ्यावर चालायचं. मग सरकारी योजना आल्या. तळी उथळ आहेत, गाळ काढा, खोल करा, काठ सिमेंटने बांधा. काही तळ्यांत यंत्राने तो मातीचा थरच खरवडून निघाला. पहिल्या पावसात तळं भरलं आणि पाणी लुवेंगमध्ये गेलं. आमच्या गावच्या दुकुहने, म्हणजे पाड्याच्या प्रमुखाने, मला असं एक तळं दाखवलं. बांधलेले काठ, उतरायला पायऱ्या, आत गवत. तो म्हणाला, "भांड्याला बूड नसेल तर काठ उंच करून काय होणार?"

मला जलयुक्त शिवार आठवलं. २०१९पर्यंत महाराष्ट्र दुष्काळमुक्त करायचं ठरवून डिसेंबर २०१४मध्ये सुरू झालेली योजना. कामं झाली, काही गावांना त्याचा फायदाही झाला, ते मी नाकारत नाही. पण जेसीबीने नाले किती खोल करावेत, खाली कोणता खडक आहे, पाणी धरणारा थर कुठे संपतो, हे विचारणाऱ्या भूजलतज्ज्ञांचं फारसं ऐकलं गेलं नाही. २०२०मध्ये कॅगने या योजनेवर ताशेरे ओढले, तेव्हा विधानसभेपासून वाहिन्यांपर्यंत सगळीकडे चर्चा झाली ती कोणाच्या कारकिर्दीत किती कोटी गेले याची. पैशांचा हिशेब व्हायलाच हवा. पण खडकाचा हिशेब कुणीच मागितला नाही. सत्ता बदलली, योजनेचं नाव गेलं, पुन्हा सत्ता बदलली, नाव परत आलं. जेसीबी तोच राहिला.

याच्या अगदी उलट उदाहरण इथेच पंचवीस-तीस किलोमीटरवर, सेमानु भागात आहे. ब्रिबिन नावाच्या गुहेतून मोठी नदी वाहते. (जावामध्ये गुहेला 'गोआ' किंवा 'गुआ' म्हणतात, तोही आपलाच शब्द.) जर्मनीतल्या कार्ल्सरूअच्या अभियंत्यांनी आणि इथल्या लोकांनी मिळून शंभरेक मीटर खोल विहीर खणली आणि जमिनीच्या पोटात त्या नदीवर बांध घातला. त्या पाण्याच्याच जोरावर चालणारे पंप बसवून पाणी वर डोंगरावरच्या टाकीत चढवलं. २०१०मध्ये ते काम स्थानिक यंत्रणेकडे दिलं गेलं. यात मला भावलं ते तंत्रज्ञानापेक्षा त्यामागचा क्रम. आधी अनेक वर्षं गुहा मोजल्या, कुठलं पाणी कुठे निघतं ते तपासलं, मग कुदळ मारली. तरीही सगळ्या गावांना पाणी पोचलेलं नाही, पुरात यंत्रांची दुरुस्ती निघते, नळ कोरडे जातात. आमच्या गावात आठवड्यातून एक दिवस नळ येतो, कधी तोही नाही. पण नळ नाही आला तर इबू पंपाला शिव्या देतात, डोंगराला नापीक म्हणत नाहीत.

कायद्यानेही इथे एक मोठं काम केलं. २०१४मध्ये गुनुंग सेवुचा मोठा भाग संरक्षित चुनखडी प्रदेश म्हणून जाहीर झाला आणि २०१५मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक भू-उद्यानाचा दर्जा दिला. डिसेंबर २०२३मध्ये राफी अहमद या टीव्हीवरच्या अतिशय लोकप्रिय कलाकाराने क्राकाल किनाऱ्यालगत आलिशान रिसॉर्ट आणि बीच क्लब काढायचं जाहीर केलं, तेव्हा पर्यावरणवाद्यांनी हाच नकाशा पुढे ठेवला. डोंगर फोडलात तर आत झिरपणारं पाणी तुटेल, आधीच इथे टँकर येतात, असं ते म्हणाले. हजारो लोकांनी सह्या केल्या. जून २०२४मध्ये त्या कलाकाराने प्रकल्पातून अंग काढून घेतलं. गावात त्यावर एकमत नव्हतं. मुलांना नोकऱ्या मिळाल्या असत्या असं म्हणणारी माणसं आमच्याच गल्लीत आहेत, आणि त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. त्या भांडणात तो डोंगर रिकामा आहे असं मात्र कुणी म्हणालं नाही. प्रकल्प हवा असलेल्यांनीही "पाण्याचं काय ते बघू" असंच म्हटलं.

नेहमीच असं होतं असं नाही. जावाच्या उत्तर भागात केंडेंगच्या चुनखडी डोंगरांत सिमेंट कारखान्याविरुद्ध शेतकरी बायकांनी वर्षानुवर्षं लढा दिला. एप्रिल २०१६मध्ये नऊ बायका जाकार्तात राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर पाय सिमेंटमध्ये रोवून बसल्या. डोंगर ही आमची टाकी आहे, ती फोडली की झरे आटतील, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात त्या जिंकल्या. पुढच्या वर्षी प्रांताने नवा परवाना दिला आणि कारखाना सुरू झाला. त्या बायकांचे फोटो मी आईला पाठवले होते. ती म्हणाली, "आपल्या बारसूच्या बायकांसारख्याच गो दिसतायत."

एप्रिल २०२३मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षणाची यंत्रं आली, पोलिसांचा मोठा बंदोबस्त आला आणि भर उन्हात बायका रस्त्यात आडव्या झाल्या. मी तेव्हा इथून रात्र-रात्र बातम्या बघत होते. माझा कौल त्या बायकांच्या बाजूने होता आणि आजही आहे. पण त्या सगळ्या वादात मला एक गोष्ट सलत राहिली. प्रकल्प हवा म्हणणारे सांगत होते, सडा आहे, कातळ आहे, कुणाचं घर जात नाही, शेत जात नाही. नको म्हणणारे सांगत होते, आंबा जाईल, काजू जाईल, मासळी जाईल. म्हणजे दोन्ही बाजूंनी सड्याच्या कडेला काय आहे याचं बोलणं झालं. कातळशिल्पांमुळे सडा थोडा तरी चर्चेत आला. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी त्या कातळावर हत्ती, मासे, माणसं कोरली, आणि २०२२मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती लांबीला अठरा मीटर आहे. तो कोरणाऱ्यांना सडा ओसाड वाटत नसणार.

सडा पाणी धरतो, हे मात्र फार थोड्यांच्या तोंडून ऐकू आलं. जांभा दगड स्पंजासारखा असतो. पावसाळ्यात पाणी त्याच्या पोकळ्यांत, भेगांत जिरतं. खाली शेडीचा, चिकण मातीचा थर लागला की ते आडवं सरकतं आणि सड्याच्या उतारावर झरा होऊन बाहेर येतं. कोकणातली गावं सड्यावर नाहीत, सड्याखालच्या उतारावर आहेत, ती याच झऱ्यांसाठी. आमची विहीर, आमची पोफळीची बाग, देवळाजवळचं कुंड, सगळं वरच्या त्या 'पोटखराब्या'वर जगतं. चुनखडीपेक्षा आपला दगड खरं तर जास्त उदार आहे. इथलं पाणी काही दिवसांत समुद्राला मिळतं, जांभ्यातलं महिनोन् महिने थेंबथेंब येत राहतं. आणि तरी तीन हजार मिलिमीटर पावसाच्या जिल्ह्यात मे महिन्यात टँकर फिरतात.

सड्यावरचा घाला नेहमी मोठ्या प्रकल्पाचाच असतो असं नाही, आणि हे मला हिरव्या बाजूच्या मित्रांनाही सांगायचंय. चिरेखाण आहे. सुरुंग लावून खड्डे पाडून, बाहेरची माती आणून केलेली आंब्याची कलमं आहेत, त्यांना वरून पंपाने पाणी. 'पडीक जमीन हिरवी करा' म्हणत कातळावर झाडं लावण्याचे कार्यक्रम आहेत, ज्यात पावसाळ्यातली फुलं, बेडूक आणि कातळावरची भातशेती गाडली जाते. हेतू चांगला असला तरी सुरुवात त्याच शब्दापासून होते. एकदा जमिनीला पडीक म्हटलं की तिच्यावर काहीही केलं तरी ती सुधारणाच ठरते.

सातबाऱ्यावरचा शब्द बदलावा असं मला वाटतं. पोटखराबा ही महसुलाची भाषा आहे. जिथून सारा येत नाही ते खराब. ज्या जमिनीतून दहा घरांच्या विहिरी भरतात तिची नोंद कुठे तरी झाली पाहिजे. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतला प्रत्येक झरा, तो किती महिने वाहतो आणि त्याचं पाणी वरच्या कुठल्या कातळावरून येतं, हे लिहून ठेवावं आणि जमीन बिनशेती होण्याआधी ते कागद बघितले जावेत. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून दाखवला आहे. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही हे त्या गावाने ठरवलं आणि पाळलं. नगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या त्या कोरड्या गावाला जमलं ते आमच्या भिजलेल्या कोकणाला जमायला हरकत नाही.

दादाला मी यातलं बरंचसं सांगितलं. तो चिडला. म्हणाला, "तू तिकडे बसून बोलतेस. आईला रात्री श्वास लागला तर रत्नागिरीपर्यंत कोण नेतं? या पैशातून डोंबिवलीत एक खोली मोठी होईल, तिला आणता येईल." त्याच्या या बोलण्याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. त्याची काळजी खरी आहे. सडा राखायचा असेल तर दवाखानाही गावाजवळ हवा, नाहीतर राखायला माणूसच राहणार नाही. इथेही तेच आहे. आमच्या गावातली निम्मी तरुण मुलं जाकार्ताच्या बाजूला मी-आयाम आणि बाक्सोच्या, म्हणजे कोंबडी घातलेल्या शेवयांच्या आणि मांसाच्या गोळ्यांच्या सूपच्या, गाड्या लावतात. ईदला ती 'मुदिक' करतात, म्हणजे गावाला येतात. बसच्या टपावर सामान, पोरांना नवे कपडे, आठ दिवस घराघरांत गलका. गणपतीला चाकरमानी येतात तसंच. मला तेव्हा फार भरून येतं. पण इथली ती मुलं जाताना जमीन विकून जात नाहीत. सागाची राखण म्बाहकडे सोपवून जातात, आणि परत आल्यावर पहिल्या दिवशी झाडांच्या बुंध्याला हाताची कवळी घालून बघतात.

त्या रात्री मी आईला फोन केला. विचारलं, वरच्या झऱ्याला पाणी कुठवर असतं? ती जरा थांबली. "आता शिमग्यापर्यंत," म्हणाली. "तू शाळेत होतीस तेव्हा पाऊस पडेस्तोवर असायचं. पलीकडच्या सड्यावर खाण सुरू झाल्यापासून कमी झालं."

दादाला कळवलंय, एवढ्यात सही करत नाही. गणपतीला येतेय. झऱ्यावर दहा लिटरची बादली लावून ती किती सेकंदांत भरते ते दोघं मिळून मोजू. मग शिमग्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी आई मोजेल. तिच्यासाठी वही घेऊन ठेवली आहे. इबूंनी मला इथून निघायच्या आधीच बांबूची एक नवी काठी दिली, खाचा पाडलेली. विमानात नेता येणार नाही, असं सांगितलं तर म्हणाल्या, "मग खाचा मोजून ने, तिकडे बांबू असेलच की."